फेणीची परंपरा आणि काजूची बाग

पुसा येथील कृषी विज्ञान मेळ्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका परवानाधारक फेणी उत्पादकाने मला विचारले, "काजूबोंडाचा रस कधी कधी आंबवतानाच शिरक्यासारखा होतो. हे तुमच्या कीटकांचे काम काय हो?" त्यांची शंका रास्त होती.

पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू गोव्यात रुजला आणि माडाच्या फेणीजोडीला काजूची फेणी आली. तिच्यासाठी झाडावरून आपोआप गळलेली पक्व बोंडेच वेचतात. ती तुडवून काढलेला रस काही दिवस आंबवतात. पहिल्या ऊर्ध्वपातनात हुर्राक हे सौम्य पेय मिळते. पुढील ऊर्ध्वपातनात सुमारे 42 टक्के मद्यार्काची फेणी उतरते. हुर्राक उन्हाळी हंगामापुरते. लिंबू, मीठ व मिरची घालून ते पितात. फेणी मात्र वर्षभर घरात जपली जाते, पाहुण्यांपुढे येते, सर्दी-पडशावर चमचाभर दिली जाते. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन लाभले.

रस आंबू लागताच वासाने चिलटे जमतात. त्यांच्या अंगावरून यीस्ट येते, तसेच मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करणारे जिवाणूही येतात. या जिवाणूंना हवा लागते. म्हणून बोंडे रोज वेचावीत, सडकी वगळावीत, भांडी स्वच्छ ठेवावीत आणि त्यांच्या तोंडाला दाट विणीचे कापड घट्ट बांधावे.

याहून मोठा धोका बागेत आहे. रोठा, म्हणजे खोड व मूळ पोखरणारी अळी, जुन्या झाडांना आतून संपवते. बुंध्याशी भुसा व डिंक दिसला, पाने पिवळी पडू लागली, की साल काळजीपूर्वक तासून अळ्या काढून नष्ट कराव्यात आणि बुंध्याला 5 टक्के निंबोळी तेलाच्या द्रावणाचा लेप द्यावा. पूर्ण वाळलेले झाड मुळासकट बागेबाहेर काढावे. अन्यथा तेच किडीचे आगर ठरते. ढेकण्या कोवळी पालवी व मोहोर शोषतो. त्याचा बंदोबस्त पालवी-मोहोराच्या काळातच करावा. बोंडे पिकू लागल्यावर फवारणी टाळावी, कारण संपूर्ण बोंडाचाच रस निघतो.

पेयाची परंपरा पिकावर किती अवलंबून असते, हे कोरियाने अनुभवले आहे. तेथील माकगोली हे तांदळाचे पेय. धान्यटंचाईमुळे 1965 मध्ये मद्यासाठी तांदूळ वापरण्यास बंदी आली आणि माकगोली गव्हाच्या पिठावर आली. 1977 मध्ये तांदळाची माकगोली पुन्हा सुरू झाली. 2021 मध्ये ती बनवण्याच्या कलेला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा मिळाला. तेथे सरकारने घातलेली बंदी सरकारलाच उठवता आली. रोठ्याने नेलेले झाड मात्र कोणत्याही आदेशाने परत येत नाही. फेणीचे मानांकन कागदावर सुरक्षित आहे. तिची बाग सुरक्षित ठेवण्यासाठी या हंगामात प्रत्येक बुंधा एकदा तरी वाकून पाहावा.