पिवळा दिवा आणि अर्धवट तुटलेली तार

मोटारीच्या डॅशबोर्डवर ‘एबीएस’ अशी अक्षरे असलेला एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवल्यावर तो काही क्षण लागतो आणि विझतो. तो विझला नाही, तर बहुधा चाकांचा वेग मोजणाऱ्या परिपथात कोठेतरी बिघाड असतो. कोठे, ते दिवा सांगत नाही. गॅरेजमध्ये मात्र अनेकदा पहिल्या झटक्यात चाकाजवळचा सेन्सर बदलला जातो आणि दिवा तसाच राहिला की मग कोणीतरी तारेकडे पाहतो. हा क्रम उलटा आहे. तो उलटा का, हे समजण्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र दहावीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

उदाहरणासाठी अमेरिकेतला पिकअप ट्रक घेऊ. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर भार थोडाच असतो, आणि ब्रेक दाबताच त्यातलाही काही पुढच्या चाकांवर सरकतो. त्यामुळे मागची चाके चटकन जाम होतात. जाम झालेले चाक फिरत नाही, घसरते. आणि घसरणाऱ्या टायरला आडव्या दिशेची पकड जवळजवळ उरत नाही. मग ट्रकचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि गाडी गरकन फिरते. बॉश कंपनीचे इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या मोटारीत आले होते. फोर्डने १९८७ च्या एफ-मालिकेतील पिकअपमध्ये ते फक्त मागच्या चाकांपुरते बसवले, त्यामागे हेच कारण होते. पुढे चारही चाकांना सेन्सर आले.

एबीएसचे काम असे. संगणक चाकांचे वेग सतत ताडून पाहतो. एखाद्या चाकाचा वेग एकाएकी कोसळू लागला, तर त्या चाकावरचा ब्रेकचा दाब क्षणभर कमी करतो आणि पुन्हा वाढवतो. हे सेकंदात अनेक वेळा होते. एका चाकाचा आकडा येईनासा झाला की संगणक एबीएस बंद करून दिवा लावतो. साधे ब्रेक चालूच राहतात. मात्र ओल्या रस्त्यावर जोरात पाय दिल्यास चाके जाम होण्याची जुनी भीती परत येते. अनेक गाड्यांत पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणीही याच सेन्सरांच्या भरवशावर असते. ती बंद पडली तर लाल दिवाही लागतो.

आता सेन्सर पाहू. जुन्या पद्धतीच्या सेन्सरात एक कायम चुंबक आणि त्याच्या लोखंडी गाभ्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. समोर, एखाद्या मिलिमीटरच्या फटीपलीकडे, चाकाबरोबर फिरणारी दातेरी लोखंडी कडी असते. दाता समोर आला की वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषा वाढतात, खाच आली की कमी होतात. या बदलामुळे वेटोळ्यात प्रत्यावर्ती विभवांतर निर्माण होते. फॅरडेचा नियम तो हाच. समजा, कडीला ४८ दाते आहेत आणि टायरचा घेर २.५ मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चाकाचे ४ फेरे होतील आणि १९२ दाते समोरून जातील. संगणक ही वारंवारताच मोजतो. पण बदलाचा दर जितका मोठा तितके विभवांतर मोठे, म्हणून वेग कमी झाला की विभवांतरही घटते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

हा सेन्सर वर्गात करता येतो. जुन्या बारा व्होल्टच्या रिलेतले वेटोळे घ्यावे, त्याच्या लोखंडी गाभ्याच्या मागच्या टोकाला फुटक्या लाऊडस्पीकरमधला चुंबक चिकटवावा, आणि दुसरे टोक सायकलच्या पायडलजवळच्या दातेरी चक्राला न चिकटेल इतक्या जवळ धरावे. चक्र लोखंडी हवे, ॲल्युमिनियमचे चालणार नाही. चक्र फिरवून मल्टिमीटरच्या मिलिव्होल्ट एसी पट्टीवर वाचन घ्यावे, मग फट दुप्पट करून पुन्हा घ्यावे. वाचन निम्म्याहूनही बरेच खाली येते, याचे मुलांना आश्चर्य वाटते. (आपल्याकडे २०१९ पासून १२५ घनसेंटीमीटरहून मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले. डिस्कजवळची खाचांची छोटी कडी शिक्षकांच्या गाड्यांवरच दाखवता येईल.)

नव्या गाड्यांतील सेन्सर वेगळा असतो. त्याला गाडीतून सुमारे १२ व्होल्ट मिळतात आणि तो चाक फिरताना आळीपाळीने ७ आणि १४ मिलिॲम्पिअर धारा वाहू देतो. गाडी मुंगीच्या पावलाने चालली तरी त्याची खूण स्पष्ट असते. या सेन्सरात इलेक्ट्रॉनिक भाग असल्याने त्यावर ओहममीटर लावू नये. वाचन निरर्थक येते आणि सेन्सरही बिघडू शकतो.

तारेकडे वळू. सेन्सरपासून निघालेली दोन तारांची केबल चाकाकडून चासीकडे जाते. पुढची चाके डावी-उजवी वळतात, सगळीच खालीवर होतात, म्हणजे केबल आयुष्यभर वाकत असते. तिला धरणारी क्लिप ब्रेकचे काम करताना कोणी परत लावली नाही, तर ती टायरला किंवा ॲक्सलला घासू लागते. उत्तर अमेरिकेत यात मिठाची भर पडते. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मोटारींचे शहर म्हणून प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉईटच्या खाली, साडेतीनशे मीटरहून खोल, मिठाची मोठी खाणच आहे!

तार पूर्ण तुटली तर प्रश्न सोपा असतो. गाडी उभी असतानाही संगणक या परिपथातून अल्पशी धारा सोडून तो अखंड आहे ना, हे पाहतो. तुटला असेल तर दिवा लागतो आणि एबीएस बाजूला होते. खरी डोकेदुखी अर्धवट बिघाडाची असते.

अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार १९ बारीक तंतूंची आहे आणि वाकून वाकून एका ठिकाणी सेंटिमीटरभर लांबीत १८ तंतू तुटले आहेत, असे समजा. उरलेल्या एका तंतूचा तेवढ्या लांबीचा रोध तांब्याच्या रोधकतेवरून काढला तर येतो सुमारे ०.००६५ ओहम. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा स्वतःचा रोध एक-दोन हजार ओहम असतो. त्यात हा फरक मीटरला कसा दिसणार? मीटर ‘तार चांगली’ म्हणतो, आणि रस्त्यावर स्टिअरिंग वळले की तो एक तंतू सुटतो, सरळ झाले की पुन्हा टेकतो.

दुसरा प्रकार पाझराचा. आवरणाला चीर पडून आत खारे पाणी शिरले की दोन तारांमध्ये चोरवाट तयार होते. सेन्सरचा रोध १,००० ओहम आणि चोरवाटेचाही १,००० ओहम असेल, तर संगणकापर्यंत साधारण निम्मेच विभवांतर पोहोचते. भरधाव वेगात निम्मेही पुरते. थांबत आलेल्या गाडीत ते पुरत नाही आणि संगणकाला चाक जाम झाल्यासारखे दिसते. नव्या सेन्सरात १२ भागिले ०.००७, म्हणजे सुमारे १,७०० ओहमची चोरवाट स्वतःच ७ मिलिॲम्पिअर धारा घेते. मग ७ चे १४ दिसतात आणि १४ चे २१.

संगणकाला चाक जाम वाटले तर तो काय करील? ब्रेक सैल करील! ही कल्पनेतली भीती नाही. जनरल मोटर्सने २००५ साली १९९९ ते २००२ या मॉडेलांचे पिकअप अमेरिकेतल्या थंड राज्यांतून दुरुस्तीसाठी परत बोलावले. तेथे तार शाबूत होती, पण सेन्सरखाली गंज फुगून त्याने सेन्सर कडीपासून दूर ढकलला होता. फट वाढली, कमी वेगात खूण क्षीण झाली, आणि थांबत आलेल्या गाडीत एबीएस विनाकारण चालू होऊन थांबण्याचे अंतर वाढले. माझ्या मते दिवा लावणारा बिघाड त्यामानाने प्रामाणिक म्हणायचा.

तपासणीची सुरुवात संगणकात नोंदलेल्या संकेतांकाने करावी. जनरल मोटर्सच्या गाडीत सी-००३५ असेल तर पुढच्या डाव्या चाकाचा परिपथ. यात सेन्सर, केबल, जोडण्या असे सगळे आले. मग चाकांना ओट लावून, जॅकखेरीज स्टँडचाही आधार देऊन, केबल बोटांनी चाचपत जावे. जेथे ती लिबलिबीत लागते किंवा फुगलेली दिसते तेथे बहुधा आत तांबे हिरवे झालेले असते. त्यानंतर मीटर. दोन्ही टोकांच्या जोडण्या सोडवून प्रत्येक तार अखंड आहे का, तारा एकमेकींपासून आणि चासीपासून अलग आहेत का, ते पाहावे. वाचन चालू असताना केबल वाकवावी, ओढावी, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे, तिच्यावर मिठाचे पाणीही शिंपडावे. बिघाड ज्या परिस्थितीत होतो ती निर्माण केल्याशिवाय तो सापडत नाही. सेन्सर जुन्या पद्धतीचा असेल तर चाक हाताने फिरवून त्याचे एसी विभवांतरही मोजावे. प्रत्येक वाचन त्याच ॲक्सलवरच्या दुसऱ्या, चांगल्या चाकाशी ताडावे. प्रयोगात आपण तुलनेसाठी नमुना ठेवतो, तसा तो आयताच मिळतो. सुईने आवरण टोचून मोजण्याची सवय मात्र वाईट. तेच भोक पुढच्या हिवाळ्यात खाऱ्या पाण्याची वाट होते.

दुरुस्तीत पहिली चूक होते ती कमी कापण्याची. केशाकर्षणाने पाणी आवरणाच्या आतून तंतूंमधून बरेच दूर जाते, म्हणून चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापावे. दोन तारांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नयेत, पुढेमागे ठेवावेत. सांधा नळी दाबून करावा आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. नुसत्या चिकटपट्टीने पाणी अडत नाही. डाख द्यायचा तर राळेचा वापरावा, आम्लाचा नाही. डाख तंतूंमध्ये शोषला जाऊन तार तेथे ताठ होते आणि वाकली की नेमकी त्या कडेशी तुटते. तेव्हा जेथे केबल वाकते तेथे सांधा करूच नये. बिघाड तेथेच असेल तर सेन्सरसकट केबल बदलावी.

तारांना मूळचा पीळ असतो, तोही परत द्यावा. जवळच्या दुसऱ्या तारांतील बदलत्या धारेमुळे लगतच्या वेढ्यांत उलटसुलट विभवांतरे निर्माण होऊन एकमेकांना खोडतात. पीळ सुटलेली लांबी मात्र अँटेनासारखी वागते.

शेवटी क्लिपा जागच्या जागी लावून, संकेतांक पुसून गाडी सरळ रस्त्यावर चालवावी. काही गाड्यांत थोडा वेग आल्याशिवाय दिवा विझत नाही. दिवा विझला तरी थांबू नये. सोबत्याने तपासयंत्रावर चारही चाकांचे वेग पाहावेत आणि चालकाने गाडी हळूहळू थांबवत न्यावी. दुरुस्त केलेल्या चाकाचा आकडा इतर तिघांच्या आधी शून्यावर आला, तर केबल पुन्हा उघडावी लागेल.