सोनोग्राफीत काय विचारायचं?

२००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८३९. यामागे गर्भलिंग तपासणीचा मोठा हात होता. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पण सोनोग्राफीला बंदी नाही. १८ ते २० आठवड्यांची तपासणी चुकवू नका. त्यात बाळाचं हृदय, मेंदू, मणका पाहतात. दोष वेळेत कळला तर बाळंतपण कुठं करायचं, पुढं उपचार कोणते, हे ठरवता येतं.

नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असले, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ते वाहक आहेत का, हे साध्या रक्ततपासणीत कळतं.

डॉक्टरांना एवढंच विचारा, "बाळाची वाढ नीट आहे ना?"