कधी चालू, कधी बंद : बोटीच्या इंजिनाची खोड कशी शोधायची



आज आपण बोटीच्या डिझेल इंजिनाबद्दल बोलणार आहोत. काहीजणी म्हणतील, "हे काम तांडेलाचं, नाहीतर मेकॅनिकचं. आम्हाला कशाला सांगता?" पण बोट सुटली नाही तर भरून ठेवलेला बर्फ कोणाच्या पैशांचा वितळतो? बाजारात रिकामी टोपली घेऊन कोण बसतं? मेकॅनिकचं बिल आणि कर्जाचा हप्ता कोणाच्या हिशेबात येतो? म्हणून हे आपल्यालाही कळलं पाहिजे. ज्यांच्या गावाला समुद्र नाही, पण शेतावर डिझेल पंप किंवा ट्रॅक्टर आहे, त्यांनीही ऐकावं. इंजिनाची जात तीच आणि खोडीही बऱ्याचशा त्याच.

पार बंद पडलेलं इंजिन एका अर्थी सोपं असतं. मोडलेला भाग सापडतो, बदलला जातो. छळतं ते आज चालू होणारं आणि उद्या न होणारं इंजिन. मेकॅनिक आला की ते नेमकं पहिल्या झटक्यात चालू होतं. मग अंदाजाने भाग बदलतात. आधी बॅटरी नवी, मग सेल्फ नवा, मग फिल्टर नवा. पैसे जातात आणि पंधरा दिवसांनी खोड परत येते. हेच जाळं ओढल्यावर भर समुद्रात झालं, तर बोट वाऱ्यावर वाहत जाते. तिथे प्रश्न पैशांचा राहत नाही, माणसांचा होतो.

आमचं सांगणं एवढंच आहे की इंजिन लहरी नसतं. ज्या दिवशी ते चालू होत नाही त्या दिवशी काहीतरी वेगळं घडलेलं असतं. ते पाहायचं, ऐकायचं आणि वहीत लिहायचं.

इंजिनाला काय लागतं?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा जोरात दाबली जाते, तिची जागा साधारण सोळा ते वीस पटींनी कमी होते. त्या दाबाने हवा इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे चालू व्हायला दोनच गोष्टी हव्यात. सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवलं पाहिजे आणि त्याच वेळी स्वच्छ, हवेचे बुडबुडे नसलेलं डिझेल आत पोचलं पाहिजे. इंजिन हळू फिरलं तर हवा नीट तापत नाही आणि डिझेल पेटत नाही.

म्हणून पहिला प्रश्न : चावी फिरवल्यावर इंजिन काय करतं?

एक : नुसतं "टक" होतं, किंवा कण्हत कण्हत फिरतं

हा बॅटरी, वायरी किंवा सेल्फचा दोष. इथे एक गैरसमज फार आढळतो : "बोटीचे दिवे लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरी ठीक आहेत." तसं नाही. दिव्याला थोडा करंट लागतो, सेल्फला त्याच्या कितीतरी पट. चिंचोळ्या बोळातून एकटं माणूस सहज जातं, वरात अडकते. तसंच हे.

आणि बोटीवर बोळ चिंचोळा होतो तो खाऱ्या हवेने. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार चढतो. इंजिनाच्या अंगाला जोडलेल्या अर्थच्या वायरीखाली गंज धरतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, आतून सांधा सडलेला असतो. बोट हलली की तो कधी टेकतो, कधी सुटतो. म्हणून कधी चालू, कधी बंद.

तपासायला साधं मीटर पुरतं. पुढचे आकडे १२ व्होल्टच्या बॅटरीचे आहेत. मोठ्या बोटीवर २४ व्होल्ट असतील तर ते दुप्पट धरा.

रात्रभर विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली घसरला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ फार ओढतोय.

आता नेमकी परीक्षा. बंद करायचा नॉब ओढून ठेवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. गिअर न्यूट्रलला हवा. मीटरची एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरी सेल्फच्या जाड वायरीच्या टोकाला लावा. दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं, तर मधल्या वायरीत, स्विचमध्ये किंवा सांध्यात वीज अडकते आहे. मग एक तार बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला लावून पुन्हा बघा. दोष सापडला तर उपाय बहुतेक वेळा पॉलिश पेपर, पाना आणि वर थोडं ग्रीस, एवढाच असतो.

बॅटरी आणि वायरी चांगल्या निघाल्या आणि सेल्फवर हलकं ठोकल्यावर तो फिरला, तर त्याचे कार्बन ब्रश झिजले असण्याची शक्यता आहे. ठोकून वेळ निभावते, पण त्या भरवशावर पुन्हा समुद्रात जाऊ नये. चावी फिरवल्यावर काहीच आवाज होत नसेल, तर चावीपासून सेल्फपर्यंतची बारीक वायर आणि असल्यास गिअरचा न्यूट्रल स्विच बघायला सांगा.

दोन : जोरात फिरतं, पण पेटत नाही

इथे बॅटरी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. दोष डिझेलच्या वाटेवर शोधायचा. धुराड्याकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. इंजिन थंड असेल, हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो गेला असेल किंवा दाब कमी पडत असेल. धूर मुळीच नसेल तर डिझेल पोचतच नाही.

धूर नसेल तर आधी फुकटची तपासणी करा. बंद करायचा नॉब पूर्ण मागे गेलाय का? त्याची केबल गंजली की तो अर्ध्यावर अडकतो. डिझेलचा कॉक उघडा आहे का?

मग हवा. पंपवाल्या घरातल्या बाया म्हणतात ना, "इंजिनाने एअर धरली", तेच. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर फीड पंप डिझेल ओढून घेतो. त्या नळीत बारीक भेग असेल तर तिथून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून कुठे ओल दिसत नाही आणि दोष लपून राहतो. त्याची खूण अशी : रात्रभर उभी राहिलेली बोट सकाळी छळते, पण एकदा चालू झाली की दिवसभर पटकन चालू होते. रोज एअर काढत बसण्यापेक्षा नळी, क्लिप आणि वॉशर बदलणं स्वस्त पडतं.

इंजिन थोडा वेळ चालून बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा "स्स" आवाज आला आणि मग इंजिन चालू झालं, तर टाकीची हवेची नळी तुंबली आहे. किनाऱ्यावर ठीक आणि लाटांमध्ये बंद, असं असेल तर तळातला गाळ आणि पाणी हलून वर येतंय. टाकीच्या तळाचं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. पाणी असेल तर ते खाली बसलेलं दिसेल.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हे दोष मुरतात. बॅटरी आपोआप उतरते, अर्ध्या टाकीत दमट हवेचं पाणी साचतं. म्हणून बॅटरी काढून घरी चार्ज करावी, टाकी शक्य तितकी भरून ठेवावी आणि पहिल्या फेरीआधी धक्क्यावरच इंजिन दोन-चारदा चालू-बंद करून पाहावं.

जीव सांभाळून

बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिच्यातून पेटणारा वायू निघतो. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढा, पदर खोचा. वायर काढताना उणे आधी, लावताना उणे शेवटी. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका, ते डिझेल कातडीत घुसतं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. ज्या बोटीत धुराबरोबर समुद्राचं पाणी बाहेर पडतं, तिथे सेल्फ वारंवार मारावा लागला तर ते पाणी उलट इंजिनात शिरू शकतं. त्या पाण्याचा कॉक तेवढ्यापुरता बंद करा आणि इंजिन चालू होताच लगेच उघडा.

समुद्रात इंजिन चालू झालं नाही तर शोधाशोध नंतर. पाणी उथळ असेल तर आधी नांगर, सगळ्यांना लाइफ जॅकेट, मग जवळच्या बोटीला हाक. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ आहे. तो बोटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

वही

बचत गटाची वही आपण पैशापैशाने लिहितो. तशीच एक वही बोटीची करा. तारीख आणि वेळ, इंजिन थंड होतं की गरम, आवाज कसा आला, धूर होता का, टाकीत डिझेल किती होतं, शेवटी काय केल्यावर चालू झालं. पाच-सहा नोंदी झाल्या की खोड कधी येते ते दिसू लागतं. ती वही मेकॅनिकपुढे ठेवा. तो म्हणाला "बॅटरी बदला", तर विचारा, "सेल्फ मारताना किती व्होल्ट भरले? सांधे तपासले का?" चांगल्या मेकॅनिकला हा प्रश्न आवडतो.

पुढच्या बैठकीत एक मीटर गटाच्या पैशातून घ्यायचं का, यावर बोला. एका मीटरवर सगळ्यांच्या बोटी आणि पंप तपासून होतील.