नागपूरचे कूलर-कारागीर : हुनर आहे, नोंद नाही

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात इथली असंख्य घरं तग धरतात ती पत्र्याच्या डेझर्ट कूलरवर, आणि असा कूलर आजही शहरातल्या लहान दुकानांत, गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप घेऊन बनतो. स्थानिक कारागीर म्हणजे जुगाड करणारा आणि खरी गुणवत्ता मोठ्या कंपन्यांचीच, हा समज या एका वस्तूपुढे टिकत नाही. मे महिन्यात विदर्भातली हवा इतकी कोरडी असते की ओल्या वुडवूलमधून, म्हणजे लाकडाच्या बारीक किसाच्या थरातून, जाताना ती पाणी झपाट्याने शोषते आणि थंड होते. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर निरुपयोगी ठरेल. मोठी टाकी, तीन बाजूंना जाळ्या, खोलीच्या आकाराप्रमाणे पंखा, जड पाण्याचे क्षार बसतात म्हणून दर मोसमात बदलता येणारं वुडवूल : ही रचना इथल्या हवा-पाण्याच्या जाणकारीतूनच घडली आहे.

या जाणकारीची खरी कसोटी मोटर जळल्यावर लागते. रिवाइंडिंग करणाऱ्याच्या हाती नकाशा नसतो. जळालेल्या मोटरवरूनच सगळं ताडायचं असतं. तो जुनी कॉइल कापून वेढे मोजतो, मायक्रोमीटरने तारेची जाडी घेतो, खोबणीत इन्सुलेशनचा कागद सारून नवी कॉइल बसवतो, दोऱ्याने आवळतो आणि वार्निश पाजून वाळवतो. वेढे कमी पडले तर मोटर तापते, जास्त झाले तर जोर धरत नाही. हेच हात शेतीपंपही दुरुस्त करतात. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराची मोटर ऐन एप्रिलात जळाली, तर आंबिया बहाराची फळं झाडावर टिकवायला त्याला कंपनीच्या माणसाची वाट पाहून चालत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. पंप पाण्यात, केबल घासलेली, बॉडी लोखंडी, फरशी ओली, आणि प्लग दोन पिनांचा. यात कारागिराचा दोष नाही, असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. तांब्याऐवजी गुपचूप ॲल्युमिनियमची तार भरणारेही आहेतच. पण घरात अर्थिंगच नसेल तर दुकानातला कूलर कितीही नीट असो, धोका उरतोच. शिवाय तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची जोडणी आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हे थोडक्या दिवसांत शिकवता येण्याजोगं आहे. वेढ्यांचा हिशेब हातात मुरायला मात्र वर्षं जातात, आणि ते अवघड काम या लोकांनी आधीच साधलेलं आहे.

म्हणूनच सरकारी नोंदीतली उणीव खटकते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी आहेत, ते हवेतच; मोटर रिवाइंडिंगवाला त्यात नाही. योजनेच्या वर्षपूर्तीचा सोहळा शेजारच्या वर्ध्यात झाला, तरीही नाही. आयटीआयमध्ये न गेलेल्या या माणसांची प्रत्यक्ष कामावर परीक्षा घ्यावी, सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यावं आणि प्रमाणपत्र द्यावं. वाचकांनीही येत्या मार्चमध्ये कूलर उतरवताना कारागिराकडून अर्थिंग तपासून घ्यावं, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.