कागदाचा खुराक

आमच्या बचत गटाची मीटिंग दर महिन्याच्या १० तारखेला मारुतीच्या देवळात भरते. सगळ्यांचे शंभर-शंभर रुपये जमा होतात, मागच्या कर्जाचे हप्ते येतात आणि मग अध्यक्षबाई विचारतात, ‘‘या महिन्याला कुणाला पैशे पाहिजेत?’’ कुणाला शेळी घ्यायची असते, कुणाला शिलाई मशीन, कुणाच्या घरी दवाखाना निघालेला असतो. मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच मी हात वर केला.

‘‘तुला कशाला गं? तुला तर पगार हाय की!’’

‘‘सात हजार पाहिजेत. माझी नोंदणी संपत आलीय, ती रिन्यू करायचीय.’’

‘‘म्हंजे घ्यायचंय काय?’’

‘‘घ्यायचं काही नाही. कागद आहे.’’

देवळात एकदम शांतता पसरली. ‘‘कागदाला सात हजार?’’ कुणीतरी मागून बोललं आणि सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण आतून कानकोंडी झाले. कारण तोच प्रश्न आदल्या रात्री घरी विचारून झाला होता.

मैत्रिणींनो, मी डायलिसिस टेक्निशियन आहे. तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून रोज पहाटेची एस.टी. पकडून धाराशिवला येते. (आमच्या सासूबाई अजून ‘उस्मानाबाद’च म्हणतात. २०२३ साली नाव बदललं, जीभ बदलायला वेळ लागतो.) तिथल्या एका डायलिसिस केंद्रात मी काम करते. पेशंट मला ‘सिस्टर’ म्हणतात, त्यांचे नातेवाईक ‘मशीनवाल्या मॅडम’ म्हणतात. दोन्ही थोडं खरं आहे, थोडं नाही.

माझा दिवस पेशंटपासून सुरूच होत नाही, तो पाण्यापासून सुरू होतो. मागच्या खोलीत पाणी शुद्ध करण्याचा आर.ओ. प्लांट आहे. पहिला पेशंट खुर्चीवर बसायच्या आधी त्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात रसायन टाकायचं आणि रंग येतो का बघायचा. तुमच्या ग्रामपंचायतीचा पाणीवाला टाकीच्या पाण्यात थेंब टाकून अशीच तपासणी करतो. फरक एवढाच की, गावात रंग आला तर चांगलं, म्हणजे पाण्यात टी.सी.एल. पावडर पडली आहे. आमच्याकडे रंग आला तर मशीन लावायचंच नाही. पिण्याच्या पाण्यात जंतू मारणारी क्लोरीन रक्ताच्या शेजारी आली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते.

‘एवढ्याशा पाण्यानं काय होतंय?’ असं वाटेल. पण हिशेब करून बघा. आपण पिऊन पिऊन दिवसाला दोन लीटर पाणी पितो, म्हणजे आठवड्याला १४ लीटर. डायलिसिसच्या मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लीटर द्रव जातो. चार तासांच्या एका बैठकीला १२० लीटर झाले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर ३६० लीटर! तेवढं पाणी त्या माणसाच्या रक्ताच्या शेजारून जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. आपल्या पोटात गेलेलं पाणी आतडी गाळून घेतात. इथे ते गाळणं माझ्या हातात असतं.

ब्राझीलमध्ये कारुआरू नावाचं गाव आहे. १९९६ साली तिथे दुष्काळ होता आणि एका डायलिसिस केंद्राला टँकरनं पाणी येत होतं. त्या धरणाच्या पाण्यात विषारी शेवाळ होतं आणि ते पाणी नीट शुद्ध झालं नाही. पन्नासहून जास्त पेशंट यकृत निकामी होऊन गेले. हे मला शिकवलं तेव्हा मी पुस्तकातली एक ओळ म्हणून पाठ केलं होतं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात केंद्राच्या मागच्या बाजूला टँकर येऊन उभा राहिला, तेव्हा ती ओळ पोटात कळली. मराठवाड्यात टँकर कुणाला नवीन आहे? २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

पाण्यानंतर मशीन. द्रवातलं क्षारांचं प्रमाण, त्याचं तापमान, हवेचा बुडबुडा ओळखणारा यंत्राचा डोळा, सगळे अलार्म वाजवून बघायचे. मग पेशंट. त्याच्या हातावरच्या फिस्टुलावर बोटं ठेवायची. धमनी आणि शीर ऑपरेशननं जोडलेली असते ती ही जागा. गिरणी चालू असताना भिंतीला हात लावला की जशी थरथर लागते, तशी तिथे लागली पाहिजे. थरथर नसेल तर सुई घालायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं.

एकदा वादळात वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला आणि एका मशीनच्या बॅटरीनंही दगा दिला. खुर्चीवर आमचे एक मामा होते, कळंबकडचे. त्यांचं रक्त नळ्यांमध्ये अडकून पडलेलं. ते तसंच राहिलं तर गोठतं आणि तेवढं रक्त वाया जातं. आधीच ज्याच्या अंगात रक्त कमी, त्याला ते परवडत नाही. अशा वेळी पंपाला हॅंडल लावून हातानं तो फिरवायचा असतो, बाणाच्या दिशेनं, सावकाश. आणि नजर नळीवर ठेवायची, कारण बुडबुडा पकडणारा यंत्राचा डोळा बंद असतो. मी मोबाईलच्या उजेडात पंप फिरवत होते आणि मामा म्हणत होते, ‘‘पोरी, जात्यावर बसल्यावानी दिसायलीस.’’ रक्त परत अंगात गेलं, मी नळी बंद केली आणि मगच माझे पाय थरथरले.

हे सगळं मी कुठे शिकले? सोलापूरला. वडिलांनी एक एकर बटईनं दिली, आईनं पाटल्या मोडल्या आणि मला होस्टेलला ठेवलं. त्या वर्षांचा खर्च घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण तो एकदाच झाला. ‘शिकवलं, आता झालं’ अशी सगळ्यांची समजूत. पण या धंद्यात शिक्षणाचा कागद वेगळा आणि काम करण्याच्या परवानगीचा कागद वेगळा. आपल्या राज्यात २०११ चा महाराष्ट्र परावैद्यक परिषद कायदा आहे. त्याप्रमाणे आमच्यासारख्या तंत्रज्ञांना परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी जन्माची नसते. मुदत संपली की नूतनीकरण, म्हणजे पुन्हा फी, पुन्हा कागद.

खरं सांगते, नुसत्या फीचं मला काही वाटलं नसतं. फीच्या भोवतीच्या खर्चानं कंबर मोडली. माझी दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची. आधार कार्ड, बँकेचं पासबुक सासरच्या नावाचं. कागदावरची मुलगी आणि नोकरी करणारी बाई एकच आहे, हे सिद्ध करायचं तर विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रात नाव बदलल्याची नोंद. प्रत्येकाला पैसे, प्रत्येकाला एक खाडा. अर्ज ऑनलाइन म्हणून नेट कॅफेत गेले तर स्कॅन केलेली फाइल मोठी झाली, फोटो लहान झाला, पुन्हा एस.टी.चं तिकीट. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलाला यातलं काहीच करावं लागलं नाही. त्याचं आडनाव लग्नानंतर जिथल्या तिथेच होतं!

त्यात केंद्रातून निरोप आला, ‘ज्यांची नोंदणी चालू नाही, त्यांना पुढच्या महिन्यापासून ड्युटी नाही. नूतनीकरण आपापल्या खर्चानं करून घ्यावं.’

घरी सांगितलं. मृगाच्या तोंडाशी घरात पैसा कुठून असणार? सोयाबीनचं बी, खत, धाकट्याची शाळेची फी. आमचे हे वाईट नाहीत, पण म्हणाले, ‘‘इतकी वर्षं काम करतेस. तुला येतंय ना? मग कागद कशाला?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘पुढच्या साली कर. कागद काय पळून जातोय व्हय?’’

मला रात्रभर झोप नाही. ट्रॅक्टरचा विमा संपला की घरात बैठक बसते. माझी नोंदणी संपली तर ‘पुढच्या साली’! वाईट याचं वाटलं की, मीसुद्धा क्षणभर तेच म्हणाले होते. दोन वेळा पैसे बाजूला ठेवून मीच ते घरखर्चाला काढले होते. बायकांचा स्वतःवरचा खर्च हा नेहमी उरलेल्या पैशांतला असतो आणि पैसे काही उरत नाहीत.

आणि ‘येतंय ना’ या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री सापडलं. बघून बघून शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. हात चांगला असतो त्यांचा, सुई लावण्यात माझ्यापेक्षाही सरस असतात काही. सगळं सुरळीत असतं तोवर त्यांच्यात आणि माझ्यात फरक दिसत नाही. फरक अलार्म वाजल्यावर दिसतो. आवाज बंद करायचं बटण सगळ्यांनाच माहीत असतं. तो का वाजला, हे शोधायला शिकावं लागतं. कागद हा त्या शिकण्याचा पुरावा आहे. माझ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला माझी परीक्षा घेता येत नाही, म्हणून ती कुणीतरी घेतलेली असावी लागते. अमेरिकेत २००८ सालच्या नियमांनी डायलिसिस टेक्निशियनला नोकरीला लागल्यापासून १८ महिन्यांत प्रमाणपत्र मिळवणं सक्तीचं केलं. आपल्याकडे २०२१ साली केंद्रानं आमच्यासारख्या सहायक आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात पदविका किंवा पदवीचं शिक्षण किमान २,००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांत विभागलेलं असावं, असं म्हटलं आहे. तेव्हा ‘सहा महिन्यांत टेक्निशियन व्हा’ अशी पाटी दिसली तर मुलीचे पैसे भरण्याआधी दहादा विचार करा. कोर्सला मान्यता कुणाची आणि पुढे नोंदणी होते का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पावती फाडू नका.

कागद लागतो, हे मला मान्य आहे. प्रश्न तो कुणी भरायचा हा आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. गरीब पेशंटचा भार त्यामुळे हलका झाला आणि ते चांगलंच झालं. आमच्या केंद्रात मशीनचा वर्षाचा देखभाल करार केंद्र भरतं. आर.ओ.ची गाळणी बदलायची तर केंद्र भरतं. मग मशीन चालवणाऱ्या माणसाची देखभाल तेवढी त्याच्या पगारातून का? निदान फीचा अर्धा भाग आणि कागदपत्रांसाठी एक भरपगारी दिवस, एवढं मागणं काही फार नाही. हे मी आमच्या साहेबांना बोलले. ते ‘बघू’ म्हणाले. अजून बघताहेत.

तर, देवळातली शांतता. हे सगळं काही मला तिथे बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, ‘‘हा कागद नसला तर पुढच्या महिन्यापासून पगार नाही.’’

तेव्हा कोपऱ्यातून अक्का बोलल्या. अक्कांचं वय सत्तरीचं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण उस्मानाबादी शेळ्या पाळून तीन लेकी उजवल्या. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, शेळीला कर्ज देताव का न्हाई? शेळी इकत घेतली म्हंजे झालं का? तिला खुराक लागतो, लस टोचावी लागते. खुराक तोडला तर दूध कुठलं? हिचा कागद म्हंजे हिची शेळी हाय. द्या तिला.’’

पुन्हा सगळ्या हसल्या, पण या वेळचं हसू निराळं होतं. सचिवबाईंनी रजिस्टर उघडलं. ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात काय लिहावं, हे त्यांना कळेना. शेती, शेळीपालन, दवाखाना, शिक्षण, लग्न अशी ठरलेली कारणं. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘‘व्यवसाय लिहा. ट्रॅक्टर दुरुस्तीला लिहिताव तसं.’’

कर्ज मी सात हप्त्यांत फेडलं. नूतनीकरण झालं, ड्युटी एक दिवसही चुकली नाही. आता पगार झाला की पहिल्याच दिवशी शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकते आणि त्या डब्याला घरात कुणी हात लावत नाही. पुढच्या मुदतीची तारीख प्रमाणपत्राच्या पाकिटावर लाल शाईनं लिहून ठेवलीय. दर वर्षी नवीन कालनिर्णय भिंतीवर लागलं की, त्याच्या पहिल्या पानावर ती उतरवून घेते. शेजारी ट्रॅक्टरच्या विम्याची तारीख आहे. यंदा ती लिहिताना सासूबाईंनी विचारलं, ‘‘ही कशाची गं?’’

‘‘माझ्या शेळीची,’’ मी म्हटलं.