ब्रेकच्या नळीचे तोंड

बंगळूरच्या जयचामराजेंद्र मार्गावर मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांची दाटी आहे. जुन्या अँबॅसडरचा किंवा पद्मिनीचा एखादा हौशी मालक तेथून नळीचे वेटोळे आणून ब्रेकची गंजलेली नळी घरीच बदलू पाहतो. त्याची खरी कसोटी नळी वाकवण्यात नसून तिचे तोंड फुलवण्यात असते.

ही नळी जेमतेम 3/16 इंच, म्हणजे 4.76 मिलिमीटर व्यासाची. जोराने ब्रेक दाबला असता तिच्यातील तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 70 किलोग्रॅमच्याही पुढे जाऊ शकतो. पोलादी नळीची एकेरी फुलवलेली कड अशा दाबाखाली चिरण्याचा संभव असतो. म्हणून कड प्रथम बाहेर फुगवून मग आत दुमडतात; बसणीवर धातूचे दोन पदर येतात. काही गाड्यांत मात्र नुसते फुगीर तोंडच लागते, तेव्हा जुने टोक आधी पाहून घ्यावे. नळी काटकोनात कापून कडेचा कीस काढावा लागतो आणि जोडाचा नट तोंड फुलवण्यापूर्वीच नळीत ओवावा लागतो. भलेभले चुकतात ते येथेच!

साधे तांबे सहज फुलते, पण सततच्या कंपनांनी कडक होऊन तडकते. तांबे-निकेलचा मिश्रधातू त्याहून भरवशाचा.

नळी बसवल्यावर नवे तेल भरून सर्व हवा काढून टाकतात, कारण द्रव दबत नाही, हवा दबते. मग पेडल जोराने दाबून धरून प्रत्येक जोड तपासतात. पाझर दिसल्यास नट आवळत राहण्यात अर्थ नसतो. टोक कापून तोंड पुन्हा घडवावे लागते. त्यासाठी नळी मुळातच थोडी लांब ठेवलेली बरी.