विकावे तर सांगून विकावे

बँकेच्या नोकरीत मी आयुष्यभर इतरांची निष्क्रिय खाती तपासली. स्वतःच्या घरातील एक निष्क्रिय खाते मात्र परवापर्यंत ध्यानात आले नव्हते. ते होते कपाटाच्या वरच्या खणात, मूळ खोक्यात ठेवलेला एक छोटा कॅमेरा-ड्रोन. चिरंजीवांनी २०२१ च्या दिवाळीत तो ४२ हजार रुपयांना घेतला होता. सहलीला न्यायचा बेत होता. पुढे दुकानाचा व्याप वाढला, सहल राहिली आणि ड्रोन एकदाही आकाशात गेला नाही. कपाट आवरताना सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आपल्याला नको असेल तर ज्याला उपयोग आहे त्याला तरी द्या."

मी लगेच आकडेमोड केली. वापरलाच नाही, म्हणजे नवाच. ३५ हजार तरी यावेत. हिशेबाचे शिक्षण घेतलेल्या माणसाने करू नये अशी ही चूक होती. आपण काय मोजले याच्याशी बाजाराला कर्तव्य नसते. आज त्या वस्तूची किंमत काय, एवढेच तो पाहतो. दरम्यान अधिक चांगले कॅमेरे असलेले ड्रोन आले. ड्रोनवरील जीएसटी पूर्वी १८ किंवा २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ५ टक्के झाला. खोक्यात राहिलेले यंत्रही जुने होतच असते.

त्याचा खरा पुरावा खोके उघडल्यावर मिळाला. दोन बॅटऱ्यांपैकी एक फुगली होती. लिथियमची बॅटरी दीर्घकाळ ठेवायची तर साधारण अर्धी भारित ठेवावी आणि काही महिन्यांनी तपासावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली, तर ती पडल्या जागी खराब होते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करणे धोक्याचे, कारण ती पेट घेऊ शकते. ती घरच्या कचऱ्यात न टाकता मी ई-कचरा संकलन केंद्रात दिली.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, एक बॅटरी चांगली आहे ना? मग दुसरीचा विषय कशाला काढायचा? एकच होती म्हणू." प्रश्न तीन-चार हजारांचा होता आणि विचारणारा रोज गल्ल्यावर बसणारा व्यापारी होता. मी म्हटले, "तुझ्या दुकानात दोषाचा तागा दोष दाखवून विकतोस ना? मग घरच्या मालाला वेगळा न्याय का?" तो गप्प राहिला, पण जाहिरातीतला 'अगदी नवा' हा शब्द त्याने स्वतःच खोडला आणि लिहिले, 'न उडवलेला, खरेदी २०२१, दोनपैकी एक बॅटरी निकामी'.

त्या ओळीने बरेच फोन कमी झाले असावेत. जो आला, तो लग्नाच्या छायाचित्रकाराकडे काम शिकणारा एक तरुण होता. त्याचा हा पहिलाच ड्रोन. इथे आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग होते. आमच्या ड्रोनचे वजन २४९ ग्रॅम. हा आकडा सहज ठरवलेला नसतो. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात मोडतो आणि तो उडवण्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु चिरंजीवांनी पंख्यांभोवती बसवायची संरक्षक कडीही घेतली होती. नवशिक्याला ती हवीहवीशी वाटते; पण ती लावताच वजन २५० ग्रॅम ओलांडते आणि ड्रोन 'मायक्रो' वर्गात जातो. मग व्यवसायासाठी उडवायचा तर प्रमाणपत्र आवश्यक ठरते. कडीचे वेगळे पैसे मिळाले असते. त्या मुलाला नियम समजावून सांगितला, तेव्हा त्याने कडी घेतली नाही.

राहिली कागदपत्रे. स्कूटर विकताना आपण नाव बदलून देतो, तसेच इथेही आहे. ड्रोनला स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो. विक्री वा भेट म्हणून तो दुसऱ्याला देताना डी-३ नमुन्यात हस्तांतराची नोंद करावी लागते. शुल्क केवळ १०० रुपये. ती टाळली तर उद्याच्या गैरवापराचा जाब जुन्या मालकाला विचारला जाऊ शकतो. मोबाइलमधील अ‍ॅपवर ड्रोन आपल्या खात्याशी जोडलेला असेल, तर तोही मोकळा करून द्यावा.

मूळ बिल तर फारच मोलाचे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांखेरीज तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. आमचे बिल त्याआधीचे, म्हणून खरेदीदार निःशंक झाला. दुबई-सिंगापूरहून येणाऱ्या नातलगांना 'येताना एक ड्रोन आणा' असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

व्यापारी कुटुंबांसाठी आणखी एक सूचना. वस्तू वैयक्तिक वापराची असेल, तर अशा विक्रीत भांडवली नफ्याचा प्रश्न सहसा येत नाही. पण ती पेढीच्या नावे घेऊन घसारा लावला असेल किंवा जीएसटीची वजावट घेतली असेल, तर विक्रीची नोंद वहीत यायलाच हवी. आपल्या सनदी लेखापालांना आधी विचारावे.

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, नकाशावर हरित क्षेत्र असल्याची खात्री करून, त्या तरुणाने तो उडवून पाहिला. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. त्याने पहिल्या दिवशी झाडाच्या उंचीपुढे नेला नाही. व्यवहार १९ हजारांना झाला. ड्रोनचा क्रमांक, दोष आणि रक्कम लिहिलेल्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. घरी परतताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, हेच चार वर्षांपूर्वी करायला हवे होते." यात माझ्याकडे भर घालण्यासारखे काही नव्हते.

वाचकहो, येत्या रविवारी आपलेही कपाट उघडून पाहावे. न वापरलेले यंत्र आढळले, तर किंमत ठरवण्याआधी त्याची बॅटरी पाहावी, बिल शोधावे आणि त्यात जे उणे असेल ते पहिल्या ओळीत लिहावे. भाव थोडा कमी येईल; पत मात्र शाबूत राहील.